बाटली परत करावी

मिक्सरचं पातं एका माणसापुरतं फिरत नाही. ही गोष्ट मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेली नाही, आणि ग्रंथपालांनी ती पुस्तिका मागच्या हमीपत्रासकट दोनदा वाचली होती. भांड्यात दोन चमचे दही, लसणाची एक पाकळी आणि अर्ध्या लिंबाचा रस घातला की पातं वरच्या वर भिरभिरायचं आणि सगळा ऐवज भांड्याच्या कडांना चिकटून बसायचा. चमच्याने खाली ढकला, पुन्हा फिरवा, पुन्हा तेच. दही वाढवत वाढवत दोन वाट्यांवर गेलं तेव्हा कुठे यंत्राने मनावर घेतलं. ड्रेसिंग झालं झकास. फक्त ते चौघांचं झालं, आणि घरात खाणारं तोंड एकच होतं.

ग्रंथपालांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि बायको जाऊन चौदा महिने. ती गेल्यापासून ते सॅलडवर आले होते, पण त्यात तब्येतीचा काही संबंध नव्हता. सॅलड शिजवावं लागत नाही, एवढाच त्याचा गुण. काकडी कापायची, टोमॅटो कापायचा, कोबी असेल तर तोही, आणि वरून दुकानातली पांढरी बाटली उलटी करायची. पोट भरायचं. बाकी कशाचं काही नव्हतं.

डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून विचारलं, "जेवता काय?"

"सॅलड."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "वा. वरून काही घालता का?"

"थोडं ड्रेसिंग."

"थोडं म्हणजे किती?"

एकतीस वर्षं खऱ्या नोंदी ठेवलेला माणूस, खोटं कुठून बोलणार. "आठवड्याला दोन बाटल्या," ग्रंथपाल म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही सॅलड खातच नाही. तुम्ही ड्रेसिंग खाता आणि तोंडी लावायला काकडी घेता."

तिथून ग्रंथपाल थेट दुकानात गेले आणि ड्रेसिंगच्या फळीसमोर दीड तास उभे राहिले. पुस्तकात काय आहे ते मागच्या पानावर कधीच खरं छापत नाहीत, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. बाटलीवर मात्र छापतात, फक्त मुंगीच्या अक्षरात. त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि एकेक बाटली वाचायला घेतली. आधी तेल, मग साखर, मग मीठ, मग उच्चारताही येणार नाहीत अशी चार नावं. 'हलकं' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बाटलीत तेल कमी होतं हे खरं, पण त्याची भरपाई साखरेने केली होती. 'घरगुती चवीचं' म्हणून मिरवणारी बाटली तर वर्षभर टिकणार होती. कोणाच्या घरचं काय वर्षभर टिकतं?

दुकानातल्या मुलीने शेवटी विचारलं, "काका, काही घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?"

"वाचून झालं की सांगतो," ते म्हणाले, आणि वाचून झाल्यावर काहीच न घेता बाहेर पडले.

तर असं हे घरच्या ड्रेसिंगचं प्रकरण सुरू झालं. मलईच्या जागी फडक्यात टांगलेलं घट्ट दही. तेल एकच चमचा, तेही मोजून. मीठ चिमूटभर, आणि मिठाची उणीव लिंबाने भागवायची. झणका यावा म्हणून मोहरीची पूड. दुसरा प्रकार दह्याऐवजी भाजलेल्या तिळाचा. चार दिवसांच्या आत संपवायचं, कारण यात टिकवणारं काही नाही. सगळं ठीक होतं, पण दोन वाट्यांखाली पातं हलायला तयार नव्हतं, आणि चार दिवसांत दोन वाट्या एकट्याने संपवायच्या तर पुन्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं असतं.

उरलेलं मोरीत ओतायला ते गेले आणि तसेच परत आले. बायको असती तर तिने काही ओतू दिलं नसतं. आणि तेव्हाच त्यांना माळ्यावरच्या बाटल्या आठवल्या. रिकामी झालेली प्रत्येक काचेची बाटली ती धुऊन, पुसून, झाकण लावून माळ्यावर ठेवायची. "कशाला हा पसारा?" असं त्यांनी तिला किती वेळा म्हटलं असेल. "लागतात," एवढंच ती म्हणायची. लागायच्या त्या अशा.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावात असते, आणि दर रविवारी सात मिनिटं बोलते. बिचारीला तेवढीच फुरसत.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"कोणी येतं-जातं का हो घरी?"

"येतात की," ग्रंथपाल म्हणाले. "परवाच दोघं-तिघं येऊन गेली."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बेलच्या त्या पांढऱ्या डबीकडे बघत बसले. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ती टांगलेली होती. तिचा आवाज त्यांनी शेवटचा कधी ऐकला ते त्यांना आठवेना. तिसऱ्या दिवसापर्यंत माणसं येत होती, दहाव्यापर्यंतही. मग थांबली. त्यात कोणाचा काही दोष नाही, पण चौदा महिने म्हणजे काही कमी नव्हेत.

आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. वाचनालयात माणसं पुस्तकासाठी येत असत, असं लोकांना वाटतं. ग्रंथपालांना ठाऊक होतं की अर्धी माणसं फक्त परत करायला येतात. मुदत संपते म्हणून येतात. पण येतात, काउंटरला टेकून दोन शब्द बोलतात, पाऊसपाण्याची चौकशी करतात आणि जातात. बाटली दिली तर बाटली परत करायला माणूस येणारच. आणि यायचं म्हणजे बेल वाजणारच.

इमारतीत आठ घरं. त्यातलं एक त्यांचं. चौथ्या मजल्यावर एक कवळ्या बनवणारा कारागीर एकटाच राहायचा. तो कोणाशी बोलत नाही असं सगळे सांगत, म्हणून त्याला वगळलं. राहिली सहा घरं, म्हणून सहा बाटल्या. एक ते तीनमध्ये दही-लसूण, चार ते सहामध्ये तीळ-लिंबू. काम त्यांनी शिस्तीत केलं. प्रत्येक बाटलीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर अनुक्रमांक. त्याखाली विषयाचा वर्गांक: ६४१.८, म्हणजे जगातल्या बहुतेक वाचनालयांत ज्या आकड्याखाली पाककृतींची पुस्तकं लावतात तो. त्याखाली परतीच्या तारखेचा शिक्का. वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा तो जुना रबरी शिक्का कोणी फेकून देणार होतं, तो त्यांनी घरी आणला होता. आणि सगळ्यात खाली, 'बाटली परत करावी.'

बाटलीत काय आहे ते त्यांनी लिहिलं नाही. वर्गांक लिहिला की वेगळं लिहायचं काय? स्वतःचं नावही लिहिलं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या नावाची चिठ्ठी कधी निघालीच नव्हती. खाली फक्त 'ग्रंथपाल' असायचं. आता ते पद आपलं नाही, मग खोटं कशाला लावा, म्हणून त्यांनी ती जागा प्रामाणिकपणे कोरी सोडली.

बाटल्या हातात द्यायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. दार उघडल्यावर म्हणायचं तरी काय? "नमस्कार, मी वरचा, एकटा असतो, हे घ्या"? त्यापेक्षा दुपारी, सगळे कामावर असताना, त्यांनी सहाही बाटल्या कापडी पिशव्यांत घालून सहा दारांच्या कड्यांना अडकवल्या आणि मांजराच्या पावलांनी घरी येऊन बसले.

चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. न जाणो, नेमकं कोणी यायचं. पाव संपला तरी गेले नाहीत. दोन कप धुऊन ओट्यावर ठेवलेले होते. बेल वाजली नाही.

पाचव्या दिवशी त्यांना राग आला. बाटली नाही तर नाही, पण मुदत म्हणजे मुदत. त्यांनी कपाटातून कोरे कागद काढले आणि वाचनालयाच्या नेहमीच्या भाषेत सहा स्मरणपत्रं लिहिली. "आपल्याकडील क्रमांक २ ची मुदत संपली आहे. त्वरित परत करावे, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." हीच भाषा वापरून त्यांनी मोठमोठ्या माणसांकडून पुस्तकं वसूल केली होती. दुपारी पुन्हा तीच मांजराची पावलं, आणि सहा दारांखालून सहा कागद आत सरकले.

दुसऱ्या दिवशी खाली टपालपेट्यांशेजारी नोटीस लागली. तळाशी सेक्रेटरीबाईंची सही होती. या बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि इमारतही तशीच चालवायच्या. "सर्व सभासदांना कळवण्यात येते की कोणी अज्ञात इसम आपल्या दारांना संशयास्पद बाटल्या टांगून जात आहे. आता त्याने धमक्याही द्यायला सुरुवात केली आहे. शनिवारी चार वाजता तातडीची बैठक."

ग्रंथपालांनी नोटीस वाचली आणि ते चांगलेच घाबरले. काय दिवस आलेत, म्हणाले. घरी येऊन त्यांनी वरची कडीही लावली. आणि मग त्यांना वेगळीच काळजी लागली, की या भामट्याच्या बाटल्यांत आपल्या चांगल्या बाटल्या मिसळून जायच्या. ताबडतोब सावध करायला हवं होतं लोकांना.

शनिवारी जिन्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रंथपाल इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"आलात? बरं झालं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला मी दोनदा येऊन गेले. बेल वाजवली. तुम्ही बाहेर होतात बहुतेक."

ग्रंथपाल आठ दिवसांत इमारतीबाहेर पडले नव्हते. आल्याचं खोटंच सांगतायत, लोकांना तोंडदेखलं बोलायची सवयच असते, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना वाईट वाटलं.

विमा विकणारे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. "मी स्पष्ट बोलतो. माझ्या दाराला पिशवी होती. आत काहीतरी पिवळट, आंबूस वासाचं. आणि चिठ्ठीवर आकडा. सहाशे एक्केचाळीस दशांश आठ."

तो आकडा ग्रंथपालांचाच होता.

"माझ्याकडेही तोच आकडा," तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले. "मला आधी वाटलं कसलं माप आहे. पण एवढी कंबर कोणाची असते?"

"त्या कॅलरी आहेत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "उघड आहे. आणि दशांश आठपर्यंत काढल्यात, म्हणजे प्रयोगशाळेत तपासून आणलंय. एवढ्याशा बाटलीत साडेसहाशे कॅलरी. असं कोण कोणाला देतं? वैरीच देतो."

"आणि वर पुढील कारवाई करीन म्हणतो," विमावाले म्हणाले. "कसली कारवाई? मी तर बायकोला चार दिवस माहेरी पाठवलंय."

ग्रंथपाल उभे राहिले. आता सांगून टाकायचं, बस्स. "हे बघा," ते म्हणाले, "या सगळ्याला मी..."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तुम्हीच. दुसरा कोण आहे इतका शिस्तीचा? एकतीस वर्षं ज्यांनी एक पुस्तक हरवू दिलं नाही त्यांच्याकडेच चौकशी द्यायची. कोणाची हरकत?"

हरकत कोणाची नव्हती. टाळ्या वाजल्या. शिंप्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, विमावाल्यांनी पाठीवर हात ठेवला. चौदा महिन्यांत त्यांच्या पाठीवर पडलेला तो पहिला हात होता. ग्रंथपाल खाली बसले, आणि जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, त्यांनी गिळलं.

पुढचा आठवडा त्यांच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला, हे लिहायला लाज वाटते पण खोटं कशाला लिहा. रोज संध्याकाळी काखेत वही मारून ते चौकशीला निघत. आता दारात उभं राहून काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. "चौकशीच्या संदर्भात आलो होतो," म्हटलं की दार सताड उघडायचं, चहा यायचा, बिस्किटं यायची. सहा घरांना सहा भेटी पुरल्या असत्या. त्यांनी अकरा केल्या. शिंप्यांकडे तर दोन संध्याकाळी नुसत्या काजांच्या गोष्टींत गेल्या. बाटलीचा विषय निघालाच नाही, आणि तो काढायची घाई कोणाला होती?

पण शिस्त ती शिस्त. हळूहळू एकेकाने विश्वासात घेऊन कबुली दिली.

"कोणाला सांगू नका," विमावाले म्हणाले. "मी ती बाटली रातोरात शिंप्यांच्या दाराला लावून आलो. माझ्याकडे सापडायला नको."

"तुमच्यापाशी म्हणून सांगतो," शिंपी म्हणाले. "माझ्याकडे एकदम दोन निघाल्या. मी लिफ्टने वर गेलो आणि कवळीवाल्यांच्या दाराला अडकवून आलो. ते कधी तक्रार करत नाहीत."

बाकीच्या तिन्ही घरांनीही हेच केलं होतं. माणसाला नको असलेली वस्तू तो आपल्यापेक्षा गप्प माणसाच्या दाराशी नेऊन ठेवतो, आणि इमारतीतला सगळ्यात गप्प माणूस चौथ्या मजल्यावर राहत होता. पाच बाटल्यांचा माग तिथे जाऊन थांबला. सहावीचा हिशेब सेक्रेटरीबाईंनी स्वतः दिला, तोही दार लोटून घेतल्यावर.

"मी केसांना लावलं," त्या म्हणाल्या. "खायची भीती वाटली, पण वासावरून दही होतं, लसूण होता. टाकवेना. केसांना चांगलं असतं म्हणतात."

"मग?"

"मऊ झाले. पण दोन दिवस टाळू नुसती पेटली होती. त्याचं कारण काही कळलं नाही."

ग्रंथपालांना कारण ठाऊक होतं. त्यांनी वहीत 'क्र. ३, बाह्य वापर' एवढंच लिहिलं आणि चहा संपवला.

आता उरला चौथा मजला. तिथे जायला त्यांचं मन होत नव्हतं. एक म्हणजे चौकशी संपणार होती, आणि चौकशी संपली की चहा संपणार होता, दारं मिटणार होती, आणि पुन्हा ती पांढरी डबी आणि ते. दुसरं म्हणजे त्या माणसाने पाचही बाटल्या फेकल्या असतील, आणि त्या बायकोच्या होत्या. दोन दिवस त्यांनी टाळलं. मग शनिवारी दुपारी ते जिना चढून गेले.

कवळीवाल्यांनी दार लगेच उघडलं. साठीचे, कृश, हाताला साच्याचं प्लास्टर लागलेलं. "या," म्हणाले. आत खिडकीपाशी कामाचं टेबल होतं आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ग्रंथपालांना ती मांडणी बघून उगाच बरं वाटलं.

"मी चौकशीच्या संदर्भात आलो होतो. बाटल्यांच्या."

"हो. तुमच्याच आहेत," कवळीवाले म्हणाले. "बसा."

ग्रंथपाल बसले. दुसरं काही करणं शक्यही नव्हतं.

टेबलाच्या कडेला पाच बाटल्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, झाकणं लावलेल्या, आणि एक, दोन, चार, पाच, सहा अशा क्रमाने लावलेल्या. तीनची जागा मोकळी सोडलेली होती.

"तीन कुठे गेली ते कळलं नाही," कवळीवाले जरा ओशाळून म्हणाले. "माझ्यापर्यंत आलीच नाही."

"ती बाहेर आहे," ग्रंथपाल म्हणाले. "पण माझ्या आहेत हे तुम्हाला..."

"शिक्का. त्यातल्या साताचं शेपूट उमटत नाही. अकरा वर्षं बघितलाय तो शिक्का. दर शनिवारी यायचो वाचनालयात. कॉम्प्युटर आला, तुम्ही काउंटरवरून गेलात, मग मीही यायचं सोडलं."

ग्रंथपालांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा आठवेना. उशीर करणारे, पानं दुमडणारे, पावसात पुस्तक भिजवून आणणारे, सगळे त्यांच्या लक्षात होते. वेळेवर परत करणारा माणूस कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्यांना त्याची फार खंत वाटली.

काही तरी करायचं म्हणून त्यांनी एक बाटली उचलली. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. पुस्तकाच्या समासात पेन्सिल चालवणाऱ्यांशी त्यांचं जन्माचं वैर. खिशात खोडरबर ठेवून ते अशी अक्षरं पुसत आले होते. आज ते वाचत गेले. क्रमांक एक: 'मीठ कमी. मुद्दाम केलं असावं. दुसऱ्या घासाला पटलं.' क्रमांक दोन: 'लसूण सढळ. गिऱ्हाईक यायचं होतं, तरी खाल्लं.' क्रमांक चार: 'तीळ चांगले भाजलेत. ज्याने भाजले त्याला घाई नव्हती.' क्रमांक पाच: 'काकडीवर उत्तम. आज जेवलो असं वाटलं.' सहावर एवढंच होतं: 'संपत आलं. हळूहळू खातोय.'

ग्रंथपालांनी भिंग काढून डोळ्यांना लावलं. अक्षर वाचायला त्याची गरज नव्हती.

"खाल्लंत तुम्ही," ते म्हणाले.

"माझं गिऱ्हाईक कवळी बसवून घेतं आणि विचारतं, आता काय खाऊ? मी सांगतो, काकडी. काकडी चावली गेली म्हणजे माझं काम झालं. तसं मीही रोज काकडीच खातो. नुसतीच. एकट्यासाठी कोण करत बसतं वरून काही."

"एकट्यासाठी होतच नाही ते," ग्रंथपाल म्हणाले. "पातं धरत नाही." मग त्यांना आपण इथे कशाला आलो ते आठवलं आणि आवाज थोडा कडक झाला. "पण मग एवढी मुदत टळेपर्यंत परत का नाही आणून दिल्यात? पूर्वी कधी उशीर केला नव्हतात."

"आलो होतो. तीनदा आलो. बेल वाजवली, थांबलो, परत गेलो." कवळीवाल्यांनी हातावरचं प्लास्टर खरवडलं. "म्हटलं, आत आहात आणि उघडत नाही, म्हणजे कोणी नकोय तुम्हाला. मला कळतं ते."

"मी आतच होतो," ग्रंथपाल म्हणाले. "मी चार दिवस दाराकडे तोंड करून बसलो होतो. बेल वाजली नाही."

"मी दाबली."

ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर ती पांढरी डबी आली. तिच्यात सेल असतात. दोन, बारीक. ते संपतात आणि बदलावे लागतात, आणि घरात ते कोण बदलायचं हे त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण तीस वर्षं ती बेल आपोआपच वाजत आली होती. सेक्रेटरीबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आणखी किती जण आले असतील, उभे राहिले असतील, आणि यांना कोणी नकोय असं समजून जिना उतरले असतील? ते मोजायला त्यांच्याकडे वही नव्हती.

"सेल," ते म्हणाले. "सेल गेलेत हो."

"मग नवे घाला," कवळीवाले म्हणाले. "पाचच्या सुमाराला येऊ का? दोन काकड्या आहेत माझ्याकडे."

ग्रंथपाल पाच बाटल्या छातीशी धरून खाली आले. बाटल्या घरी ठेवून दुकानातून सेल आणले. मग वही उघडून चौकशीचा अहवाल लिहिला आणि खाली टपालपेट्यांशेजारी लावला. "चौकशी पूर्ण झाली. बाटल्या मीच लावल्या. त्यांत सॅलडचं ड्रेसिंग होतं. ६४१.८ हा पाककृतींचा वर्गांक आहे, कॅलरी नव्हेत. कॅलरी फारच कमी आहेत. दह्याच्या बाटल्यांत मोहरी होती. ज्यांना भीती वाटली त्यांची मी क्षमा मागतो. दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल आजपासून वाजेल." आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं नाव लिहिलं.

शिंपी वाचून हसत सुटले. विमावाल्यांनी बायकोला परत बोलावलं. सेक्रेटरीबाईंनी मोहरीची ओळ दोनदा वाचली, डोक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "तरीच."

पाचला दहा कमी असताना ग्रंथपालांनी स्टुलावर चढून डबीत सेल घातले. दोन वाट्या ड्रेसिंग तयार होतं, दोन कपांशेजारी दोन ताटल्या होत्या. वाजते की नाही ते बघायला हवं होतं, आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ते स्वतःच दाराबाहेर गेले, दार ओढून घेतलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि बटण दाबलं.

आत बेल वाजली. चांगली खणखणीत, घरभर घुमली. तिचा आवाज असा होता हे ते विसरूनच गेले होते.

"आलो, आलो," ग्रंथपाल बंद दाराच्या बाहेर उभे राहून म्हणाले.

वरच्या पायरीवर कवळीवाले येऊन थांबले होते, हातात काकड्यांचं भांडं घेऊन. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सावकाश उघडा," ते म्हणाले. "मी थांबतो."